फिगर स्केटिंगमधील उड्यांचे गुणांकन

फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत खेळाडूने मारलेली प्रत्येक उडी किती अवघड होती आणि ती किती सफाईने पार पडली, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे तपासून त्यांची उत्तरे एकाच आकड्यात एकत्र केली जातात. अवघडपणाचे गुण आधीच छापलेल्या तक्त्यातून मिळतात. त्यांना उडीचे पायाभूत मूल्य म्हणतात. सफाईचे गुण परीक्षक देतात. या दुसऱ्या भागाचे अधिकृत नाव ‘ग्रेड ऑफ एक्झिक्युशन’ असे असून त्याचा जीओई हा संक्षेप सर्वत्र रूढ आहे. २०१८-१९ च्या हंगामापासून जीओईची पट्टी −५ ते +५ अशी अकरा पायऱ्यांची आहे. त्यापूर्वी ती −३ ते +३ अशी सात पायऱ्यांची होती.

अवघड उडी कशीबशी मारणारा खेळाडू श्रेष्ठ की सोपी उडी निर्दोष मारणारा, हा या खेळातील जुना वाद आहे. जीओईची पट्टी हे त्या वादाला नियमांनी दिलेले उत्तर होय. हे उत्तर कायमचे ठरलेले नाही. तक्त्यातील आकडे बदलले की खेळाडू कोणत्या उड्या मारण्याचे धाडस करतात तेही बदलते, आणि गेल्या दोन दशकांत असे अनेकदा घडले आहे.

पार्श्वभूमी

२००४ पूर्वी फिगर स्केटिंगमध्ये ६.० पद्धत वापरली जात असे. प्रत्येक परीक्षक संपूर्ण कार्यक्रमाला ० ते ६ या पट्टीवर दोन गुण देई, एक तांत्रिक बाजूसाठी आणि दुसरा सादरीकरणासाठी. या गुणांचा खरा उपयोग खेळाडूंचा क्रम लावण्यापुरता होता. कोणाला किती गुण मिळाले यापेक्षा त्या परीक्षकाच्या मते कोण पहिला आणि कोण दुसरा याला महत्त्व होते. एखादी उडी चुकली तर तिची नेमकी किती किंमत मोजावी लागली, हे खेळाडूला किंवा प्रेक्षकाला गुणपत्रकावरून कळत नसे.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये या पद्धतीवरचा विश्वास उडाला. जोडी स्केटिंगच्या स्पर्धेत रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि आंतोन सिखारुलिद्झे यांना पाच विरुद्ध चार परीक्षकांच्या कौलाने सुवर्णपदक मिळाले. कॅनडाचे जेमी साले आणि डेव्हिड पेलेटिये दुसरे ठरले. त्यानंतर एका फ्रेंच परीक्षकावर आपल्या राष्ट्रीय संघटनेकडून दबाव आल्याचे प्रकरण उघडकीस आले. अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले आणि त्या स्पर्धेत दोन जोड्या विजेत्या ठरल्या.

या प्रकरणानंतर इंटरनॅशनल स्केटिंग युनियन या जागतिक संघटनेने नवी पद्धत तयार केली आणि २००४ मध्ये ती अधिकृतपणे स्वीकारली. २००६ चे तुरिन ऑलिंपिक हे या पद्धतीने खेळले गेलेले पहिले ऑलिंपिक. नव्या पद्धतीत कार्यक्रमाचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी आणि प्रत्येक पदन्यास हा एक स्वतंत्र घटक मानून त्याला स्वतंत्र गुण दिले जातात. संपूर्ण कार्यक्रमाच्या रचनेचे, सादरीकरणाचे आणि स्केटिंगच्या कौशल्याचे गुण वेगळे असतात. ते या लेखाचा विषय नाहीत.

उड्यांचे प्रकार आणि पायाभूत मूल्य

स्पर्धेत सहा प्रकारच्या उड्या मोजल्या जातात: टो लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. यांपैकी साल्को स्वीडनच्या उलरिक साल्को यांच्या, लुट्झ ऑस्ट्रियाच्या अलोइस लुट्झ यांच्या, तर ॲक्सेल नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सन यांच्या नावाने ओळखली जाते. सहाही उड्यांत खेळाडू मागच्या दिशेने सरकत बर्फावर उतरतो, म्हणून उतरण्याच्या ढंगावरून त्या ओळखता येत नाहीत. फरक असतो तो झेप घेण्यात. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात, आणि टोकाशी करवतीसारखे दाते असतात. टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या उड्यांत दुसऱ्या पायाचे दाते बर्फात रोवून झेप घेतात. साल्को, लूप आणि ॲक्सेल या केवळ कडेच्या बळावर मारतात. फ्लिप आतल्या कडेवरून आणि लुट्झ बाहेरच्या कडेवरून सुटते. प्रेक्षकांत बसलेल्याला या दोन उड्या जवळजवळ सारख्याच दिसतात, परंतु लुट्झमध्ये शरीर ज्या वळणावर चाललेले असते त्याच्या उलट दिशेने फिरावे लागते, त्यामुळे ती अधिक अवघड मानली जाते.

ॲक्सेल ही समोर तोंड करून मारली जाणारी एकमेव उडी आहे. उतरताना मात्र तोंड उलट दिशेला असल्याने तिच्यात अर्धा फेरा अधिक घ्यावा लागतो; ट्रिपल ॲक्सेलमध्ये प्रत्यक्षात साडेतीन फेरे होतात.

पायाभूत मूल्य उडीचा प्रकार आणि फेऱ्यांची संख्या यांवर ठरते. २०१८ मध्ये लागू झालेल्या तक्त्यानुसार तीन फेऱ्यांच्या उड्यांत टो लूपला ४.२०, साल्कोला ४.३०, लूपला ४.९०, फ्लिपला ५.३०, लुट्झला ५.९० आणि ॲक्सेलला ८.०० गुण आहेत. चार फेऱ्यांच्या, म्हणजे क्वाड उड्यांत टो लूपला ९.५०, लुट्झला ११.५० आणि ॲक्सेलला १२.५० गुण मिळतात. डबल लुट्झची किंमत केवळ २.१० आहे. तीन फेऱ्यांवरून चारवर जाताना मूल्य जवळजवळ दुप्पट होते, यावरून क्वाड उडीचे आकर्षण लक्षात येते.

दोन किंवा तीन उड्या सलग जोडल्यास त्यांच्या मूल्यांची बेरीज होते. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, पाय थकलेले असताना मारलेल्या ठरावीक उड्यांच्या पायाभूत मूल्यात दहा टक्के वाढ मिळते. ही सवलत लघु कार्यक्रमात शेवटच्या एका आणि मुक्त कार्यक्रमात शेवटच्या तीन उड्यांपुरती मर्यादित आहे.

ही मर्यादा २०१८ मध्ये घालण्यात आली. त्याआधी उत्तरार्धातील सर्व उड्यांना वाढीव मूल्य मिळत असे. त्या वर्षीच्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये रशियन खेळाडू अलिना झागितोवा हिने मुक्त कार्यक्रमातील सातही उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि २३९.५७ गुणांसह सुवर्णपदक जिंकले. तिचीच सहकारी येव्गेनिया मेदवेदेवा २३८.२६ गुणांवर थांबली. मुक्त कार्यक्रमात दोघींना अगदी समान, १५६.६५ गुण मिळाले होते.

तांत्रिक मंडळाचे काम

कोणती उडी मारली गेली हे परीक्षक ठरवत नाहीत, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. तो निर्णय तांत्रिक मंडळाचा असतो. त्यात एक तांत्रिक नियंत्रक आणि दोन तांत्रिक तज्ज्ञ असतात. उडी पाहताक्षणी तज्ज्ञ तिचे नाव मोठ्याने उच्चारतो आणि ते संगणकात नोंदवले जाते. शंका असल्यास ती उडी कार्यक्रम संपल्यावर चित्रफितीवर संथ गतीने पुन्हा पाहिली जाते.

मंडळ प्रामुख्याने दोन गोष्टी तपासते. पहिली म्हणजे फेरे पूर्ण झाले की नाहीत. पाते बर्फाला टेकते त्या क्षणी ते कोणत्या दिशेला आहे यावरून हे ठरते. उतरताना नेमका पाव फेरा कमी पडला असेल तर क्यू हे अक्षर लावले जाते. पायाभूत मूल्य कायम राहते, पण सफाईचे गुण कमी होतात. पाव फेऱ्याहून अधिक परंतु अर्ध्याहून कमी अंतर राहिले असेल तर उडी अपुऱ्या फेऱ्यांची ठरते आणि तिचे पायाभूत मूल्य ८० टक्क्यांवर येते. अर्धा फेरा किंवा त्याहून अधिक उणा पडल्यास तिला एक फेरा कमी असलेल्या उडीचे मूल्य दिले जाते. म्हणजे ट्रिपल लुट्झ कागदोपत्री डबल लुट्झ होते आणि ५.९० ऐवजी २.१० गुण शिल्लक राहतात. दुसरी तपासणी फ्लिप आणि लुट्झच्या कडेची असते. कड स्पष्टपणे चुकली असेल तर ई हे अक्षर लागते आणि मूल्य घटते. कड केवळ संदिग्ध असेल तर उद्गारचिन्ह लागते, ज्याचा परिणाम फक्त जीओईवर होतो.

या पायऱ्या सुरुवातीपासून अशा नव्हत्या. २०१० पूर्वी पाव फेऱ्याहून अधिक उणीव असलेल्या प्रत्येक उडीला थेट खालच्या उडीचे मूल्य मिळे. पाव फेऱ्यापेक्षा किंचित अधिक कमी पडलेली क्वाड आणि चांगली ट्रिपल यांत मग किमतीचा फरक उरत नसे, उलट क्वाडच्या प्रयत्नावर सफाईचे उणे गुणही चढत. २०१०-११ पासून मधली पायरी आली. तेव्हा मूल्याच्या ७० टक्के गुण मिळत, २०१८ मध्ये ते ७५ टक्के आणि त्यानंतर ८० टक्के झाले. क्यू ही खूण २०२०-२१ च्या हंगामात आली.

सफाईची पारख

तांत्रिक मंडळाने उडीला नाव दिले की तिची प्रत ठरवण्याचे काम परीक्षकांकडे येते. मोठ्या स्पर्धांत नऊ परीक्षक असतात. ते एकमेकांशी चर्चा करत नाहीत. प्रत्येक जण −५ ते +५ यांपैकी एक पूर्णांक निवडतो. त्यासाठी नियमावलीत दोन याद्या दिल्या आहेत: गुण वाढवणाऱ्या बाबींची आणि कमी करणाऱ्या चुकांची.

उडीच्या बाबतीत वाढीव गुणांचे निकष सहा आहेत. उडीची उंची आणि लांबी दोन्ही उत्तम असावी. झेप आणि उतरणे चांगले असावे. संपूर्ण उडी अनायास, विनासायास वाटावी. जोडउडीत लयही राखली जावी. उडीच्या आधी पदन्यास असावा किंवा तिची सुरुवात अनपेक्षित, कल्पक असावी. झेपेपासून उतरेपर्यंत शरीराची ठेवण उत्तम असावी. आणि उडी संगीताशी जुळावी. एक निकष पूर्ण झाला तर +१, दोन झाले तर +२, अशी चढण आहे. पाच किंवा अधिक निकषांना +५ देता येतात. मात्र +४ आणि +५ साठी पहिले तीन निकष पूर्ण होणे बंधनकारक आहे. त्यामुळे एखादी उडी संगीताच्या ठोक्यावर नेमकी पडली, तिच्या आधीची पावलेही देखणी होती, पण ती बुटकी होती, तर तिला +३ च्या पुढे जाता येत नाही.

पहिला निकष सर्वांत वस्तुनिष्ठ वाटतो, तरी तो डोळ्यांनीच तपासला जातो. २०१९ च्या सायतामा जागतिक स्पर्धेत जपानी दूरचित्रवाणीने उड्यांची उंची, लांबी आणि उतरल्यानंतरचा वेग मोजून पडद्यावर दाखवला होता. ते आकडे प्रेक्षकांसाठी होते. परीक्षकांच्या निर्णयाशी त्यांचा संबंध नव्हता. ‘अनायास’ या निकषाला तर कोणतेही मोजमाप लागू पडत नाही. अनुभवी परीक्षक त्यासाठी उतरल्यानंतरच्या प्रवासाकडे पाहतात. उडी मनाजोगी झाली असेल तर खेळाडू वेग न गमावता, गुडघा सैल ठेवून, मागच्या बाजूला दूरवर वाहत जातो. जबरदस्तीने फिरवलेल्या उडीनंतर पाते बर्फात रुतल्यासारखे थांबते.

चौथ्या निकषाचे उदाहरण म्हणून जपानच्या युझुरु हान्यु याच्या ट्रिपल ॲक्सेलचा उल्लेख नेहमी होतो. बहुतेक खेळाडू या उडीआधी लांब, सरळ वाटचाल करून वेग आणि तोल जमवतात. हान्यु मात्र अवघड वळणातून थेट झेप घेई आणि उतरल्यावर क्षणभरही न थांबता पुढच्या हालचालीत मिसळून जाई. तयारीसाठी लांबलेली वाटचाल ही नियमावलीत चूक म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे तिचा अभाव हा दुहेरी लाभ ठरतो.

निकषांची यादी खेळाडूंना काय शिकवते, हे हाताच्या ठेवणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकचा विजेता ब्रायन बॉइटानो एक हात डोक्यावर उंचावून लुट्झ मारत असे आणि ती त्याची ओळख होती. २०१८ पूर्वीच्या यादीत हवेतील वेगळी ठेवण हा वाढीव गुणांचा एक निकष होता. परिणामी काही खेळाडू, विशेषतः रशियन मुली, जवळजवळ प्रत्येक उडी एक किंवा दोन्ही हात वर करून मारू लागल्या. एकेकाळची दुर्मीळ करामत गुणांची हमखास पुंजी बनली आणि पाहणाऱ्याला तिचा कंटाळाही येऊ लागला. २०१८ च्या यादीतून हा निकष वगळण्यात आला.

चुकांची वजावट

परीक्षक आधी उडीतील चांगल्या बाबींवरून आरंभीची प्रत ठरवतात आणि मग तिच्यातून चुकांची वजावट करतात. चार निकष पूर्ण करणारी उडी +४ पासून सुरू झाली आणि उतरताना एक हात बर्फाला टेकला, तर १ किंवा २ वजा होऊन ती +३ किंवा +२ वर येते. काही गंभीर चुकांच्या बाबतीत आरंभीची प्रतच +२ च्या वर धरता येत नाही.

वजावटीची श्रेणी नियमावलीत दिलेली आहे. दोन्ही पायांवर उतरणे किंवा उतरताच पाऊल दुसरीकडे पडणे यासाठी ३ ते ४ वजा होतात. अपुऱ्या फेऱ्यांसाठी २ ते ३, तर क्यू चिन्हासाठी २ वजा होतात. कमी वेग, कमी उंची, खराब झेप, कमकुवत उतरण, जोडउडीत मध्येच तुटलेला ओघ या प्रत्येकासाठी १ ते ३ अशी मुभा आहे. खेळाडू पडला तर वाद उरत नाही: प्रत −५.

पडण्याची शिक्षा इथेच संपत नाही. एकूण गुणांतूनही स्वतंत्र वजावट होते. वरिष्ठ गटात पहिल्या दोन पतनांना प्रत्येकी १ गुण, पुढच्या दोनांना प्रत्येकी २ गुण आणि त्यापुढे प्रत्येकी ३ गुण कापले जातात.

गणित

नऊ परीक्षकांनी दिलेल्या प्रतींतून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान अशी एकेक प्रत वगळली जाते आणि उरलेल्या सातांची सरासरी काढली जाते. प्रतीची एक पायरी म्हणजे त्या उडीच्या पायाभूत मूल्याचे दहा टक्के. म्हणून +५ ची किंमत मूल्याच्या निम्मी असते, आणि −५ मुळे निम्मे मूल्य जाते.

समजा, एका ट्रिपल लुट्झला नऊ परीक्षकांनी ३, ३, २, ४, ३, ३, २, ३, १ अशा प्रती दिल्या. त्यांतील ४ आणि १ वगळल्यावर उरलेल्या सातांची बेरीज १९ आणि सरासरी सुमारे २.७१ होते. ट्रिपल लुट्झची एक पायरी ०.५९ गुणांची असल्याने जीओई १.६० येतो आणि उडीचे एकूण गुण ५.९० अधिक १.६०, म्हणजे ७.५० होतात.

जोडउडीसाठी संपूर्ण जोडीला एकच प्रत दिली जाते आणि तिची किंमत जोडीतील सर्वांत मौल्यवान उडीच्या मूल्यावरून काढतात. ट्रिपल लुट्झ आणि ट्रिपल टो लूप यांच्या जोडीचे पायाभूत मूल्य १०.१० आहे, पण प्रतीची पायरी ०.५९ चीच राहते. उत्तरार्धातील दहा टक्के वाढही जीओईच्या हिशोबात धरली जात नाही. नवख्या प्रेक्षकाला गुणपत्रक वाचताना आकडे जुळत नाहीत असे वाटते, त्याचे कारण बहुधा या दोन नियमांत सापडते.

अवघडपणा की सफाई

नव्या पद्धतीतील पहिला मोठा वाद २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये झाला. रशियाच्या येव्गेनी प्लुशेन्कोने आपल्या कार्यक्रमात क्वाड टो लूप मारली; अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने एकही क्वाड मारली नाही. लघु कार्यक्रमानंतर प्लुशेन्को ०.५५ गुणांनी पुढे होता. अखेरीस लायसाचेक २५७.६७ विरुद्ध २५६.३६ गुणांनी जिंकला. क्वाडशिवाय विजेता कसा, असा सवाल प्लुशेन्कोने जाहीरपणे केला आणि तो बरेच दिवस गाजत राहिला.

मुक्त कार्यक्रमाच्या गुणपत्रकात या सवालाचे उत्तर होते. सादरीकरणाच्या घटकांत दोघांना समान, ८२.८० गुण मिळाले होते. फरक केवळ तांत्रिक गुणांत होता: लायसाचेक ८४.५७, प्लुशेन्को ८२.७१. लायसाचेकने उत्तरार्धात अधिक उड्या ठेवून क्वाडची उणीव जवळजवळ भरून काढली होती, त्यामुळे दोघांच्या पायाभूत मूल्यांत नाव घेण्यासारखे अंतर उरले नव्हते. सुवर्णपदकाचा निकाल सफाईच्या प्रतींनी लावला. प्लुशेन्कोच्या काही उड्या हवेत तिरक्या झाल्या होत्या आणि उतरताना त्याला तोल सावरावा लागला होता. त्याची किंमत गुणपत्रकात दिसते.

त्यानंतर नियम क्वाडच्या बाजूने झुकले. क्वाड टो लूपचे मूल्य ९.८ वरून १०.३ झाले, अपुऱ्या फेऱ्यांची शिक्षा सौम्य झाली. २०१४ ते २०१८ या काळातील तक्त्यात क्वाड लुट्झला १३.६० गुण होते. त्या काळी जीओई टक्केवारीवर आधारलेला नव्हता. प्रत्येक उडीसाठी ठरावीक रक्कम होती. पडलेल्या क्वाड लुट्झला ४.०० गुणांची वजावट होई, म्हणजे ९.६० उरत आणि पतनाचा वेगळा गुण कापल्यावर ८.६०. निर्दोष, सर्वोच्च प्रतीच्या ट्रिपल लुट्झला ६.०० अधिक २.१०, म्हणजे ८.१० मिळत. बर्फावर आडवा झालेला खेळाडू अशा रीतीने नखशिखान्त सुंदर उडी मारणाऱ्याच्या पुढे राही. फेरे हवेत पूर्ण झाले असले की पुरे. या तक्त्यात प्रयत्न न करणे हाच तोटा होता आणि पुरुषांच्या स्पर्धेत क्वाडची संख्या झपाट्याने वाढली. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा नेथन चेन लघु कार्यक्रमात सतराव्या स्थानावर घसरला. मुक्त कार्यक्रमात त्याने सहा क्वाड मारून २१५.०८ गुण मिळवले, तो भाग जिंकला आणि एकूण पाचवा आला.

त्याच वर्षी तक्ता नव्याने लिहिला गेला. क्वाड लुट्झचे मूल्य १३.६० वरून ११.५० वर आले आणि जीओई टक्केवारीला बांधला गेला. आता पडलेल्या क्वाड लुट्झचे ५.७५ गुण उरतात, पतनाची वजावट धरल्यास ४.७५. केवळ +३ प्रतीच्या ट्रिपल लुट्झला ७.६७ मिळतात. दुसरीकडे सर्वोच्च प्रतीच्या क्वाड लुट्झची किंमत १६.६० वरून १७.२५ वर गेली. म्हणजे क्वाडचे बक्षीस किंचित वाढले आणि तिची जोखीम बरीच महाग झाली: उत्तम आणि पडलेली क्वाड लुट्झ यांतील अंतर पूर्वी ७ गुणांचे होते, ते ११.५० झाले. क्वाड यामुळे बंद झाल्या नाहीत. पण सरावात दहापैकी चार वेळा जमणारी उडी स्पर्धेत मारून पाहावी, हा हिशोब मात्र बदलला.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हान्युने मुक्त कार्यक्रमाची सुरुवात क्वाड ॲक्सेलने केली. साडेचार फेऱ्यांची ही उडी तोपर्यंत कोणीही स्पर्धेत पूर्ण केली नव्हती. त्याचे फेरे अपुरे ठरले आणि तो पडला. १२.५० चे मूल्य ८० टक्क्यांवर, म्हणजे १०.०० वर आले, −५ प्रतीमुळे निम्मे झाले आणि हाती ५.०० गुण राहिले, त्यातूनही पतनाचा एक गुण गेला. निर्मळ ट्रिपल ॲक्सेलने त्याला याहून कितीतरी अधिक दिले असते. हे त्यालाही ठाऊक होते. तो दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी होता आणि ही उडी त्याने गुणांसाठी निवडली नव्हती. तो चौथा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिड येथे अमेरिकेच्या सतरा वर्षांच्या इलिया मॅलिनिनने क्वाड ॲक्सेल पूर्ण केली आणि अधिकृत स्पर्धेत ती मान्य झालेला तो पहिला खेळाडू ठरला.

क्वाड ॲक्सेल आणि क्वाड लुट्झ यांच्या पायाभूत मूल्यांत केवळ एका गुणाचा फरक आहे. अर्ध्या फेऱ्याच्या अधिक अवघडपणासाठी हा मोबदला अपुरा असल्याची टीका नेहमी होते. चांगल्या प्रतीची क्वाड लुट्झ सामान्य प्रतीच्या क्वाड ॲक्सेलला सहज मागे टाकते.

मर्यादा आणि आक्षेप

सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान प्रत वगळण्याचा हेतू एका पक्षपाती परीक्षकाचा प्रभाव कमी करणे हा आहे. तो प्रभाव त्यामुळे घटतो, पण नाहीसा होत नाही. प्रत्येक उडीला एकेक पायरी अधिक देणारा परीक्षक क्वचितच टोकाला जातो, त्यामुळे त्याची प्रत सरासरीत टिकून राहू शकते. सातांच्या सरासरीत एका पायरीचा परिणाम क्वाड लुट्झवर सुमारे ०.१६ गुणांचा होतो. हा आकडा क्षुल्लक वाटला तरी मुक्त कार्यक्रमात अशा अनेक उड्या असतात. व्हँकुव्हरमधील पुरुष आणि प्याँगचांगमधील महिला या दोन्ही स्पर्धांत सुवर्ण आणि रौप्य यांच्यातील अंतर योगायोगाने सारखेच, १.३१ गुणांचे होते.

पद्धतीच्या सुरुवातीच्या वर्षांत कोणत्या परीक्षकाने कोणती प्रत दिली हे जाहीर केले जात नसे, आणि काही परीक्षकांचे गुण संगणकाच्या यादृच्छिक निवडीने हिशोबाबाहेर ठेवले जात. दबावापासून परीक्षकांचे रक्षण व्हावे, असे कारण दिले जाई. परंतु सॉल्ट लेक सिटीच्या प्रकरणानंतर आणलेल्या पद्धतीत परीक्षकाचे नाव झाकणे म्हणजे आजार लपवून उपचार केल्यासारखे होते, आणि टीकाकारांनी ते सतत निदर्शनास आणले. २०१६ मध्ये संघटनेने गुप्तता संपवली. तेव्हापासून गुणपत्रकात प्रत्येक प्रतीसमोर परीक्षकाची ओळख पटते. याचा उपयोगही झाला: २०१८ च्या ऑलिंपिकनंतर दोन चिनी परीक्षकांना आपल्या देशाच्या खेळाडूंना झुकते माप दिल्याबद्दल निलंबित करण्यात आले.

राष्ट्रीय पक्षपातापेक्षा अधिक अवघड प्रश्न ख्यातीच्या प्रभावाचा आहे. नामांकित खेळाडूची उडी परीक्षकाने पूर्वी अनेकदा पाहिलेली असते आणि तिची एक प्रतिमा मनात तयार असते. डोळ्यांसमोरील उडी सेकंदाहूनही कमी काळ हवेत राहते. तिची उंची, झेप, ठेवण, संगीताशी नाते आणि चुका तपासून पुढचा घटक सुरू होईपर्यंत आकडा निवडायचा असतो. अशा घाईत जुनी प्रतिमा रिकाम्या जागा भरते. उलट अनोळखी खेळाडूला तीच उडी मारूनही एखादी पायरी कमी मिळते, अशी तक्रार प्रशिक्षक वारंवार करतात.

झेपेबाबतचा आक्षेप वेगळा आहे. उतरतानाची अपुरी गिरकी पाव फेऱ्याच्या अचूकतेने तपासली जाते, पण झेप घेण्याआधी पाते बर्फावरच किती फिरले याला तसा हिशोब नाही. दात्यांवरून घेतलेल्या उड्यांत, विशेषतः टो लूपमध्ये, काही खेळाडू अर्धा फेरा बर्फावरच उरकून घेतात. हवेत मग फेरे कमी उरतात, तरी उडीला पूर्ण मूल्य मिळते. परीक्षक ‘खराब झेप’ या सदराखाली १ ते ३ पायऱ्या वजा करू शकतात, मात्र तसे करणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. एकाच कोनातून घेतलेल्या चित्रणात पात्याची दिशा नेमकी दिसेल याचीही खात्री नसते. रिंकच्या कोणत्या कोपऱ्यात उडी मारली यावर ती किती बारकाईने तपासली जाईल हे काही अंशी अवलंबून राहते.